आहेराचे चष्मे

भिंगमामांचा ‘हो’ या शब्दावर काडीचा विश्वास नव्हता. पुढ्यात बसलेला माणूस ‘व्हय, दिसतंय’ म्हणाला की ते डोळ्यापुढची काच तशीच धरून विचारत, “काय दिसतंय?” तो म्हणे, “समदं दिसतंय की.” त्यावर मामा शांतपणे म्हणत, “समदं तर मलाबी दिसत न्हाई. काय दिसतंय त्ये सांगा.” मग तो बिचारा भिंतीवरची पाल, दाराच्या कडीला बांधलेली चिंधी, खिडकीतला चिमणीचा काडीकचरा असं एकेक सांगू लागे, आणि त्याचं सांगून होईपर्यंत मामा दुसऱ्या काचेला हात लावत नसत. बाहेर रांग मारुतीच्या शेपटासारखी वाढत जाई. मामांना रांगेचं काही वाटत नसे.

सांगलीजवळच्या एका मिशन दवाखान्यात, डोळ्यांच्या विभागात ते नंबर काढायचं काम करत. डॉक्टर नव्हते, कंपाउंडरही नव्हते. लढाईच्या काळात मिलिटरी हॉस्पिटलात झाडलोट करायला लागले, आणि तिथल्या कुणा डॉक्टरनं हाताची स्थिरता बघून भिंगांची पेटी त्यांच्या ताब्यात दिली. तेव्हापासून पेटी आणि मामा वेगळे झाले नाहीत. त्यांचं गाव आष्ट्याच्या अलीकडचं. छप्पन साली त्यांच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती आणि दवाखान्यातल्या त्यांच्या कोपऱ्यात एक लहानसा बुद्धाचा फोटो होता, मिशनच्या क्रुसाच्या बरोबर खाली. दोघांची एकमेकांबद्दल काही तक्रार नाही, असं मामा सांगत.

माझी त्यांची ओळख झाली ती माझ्या लबाडीमुळे. मी वाईची. साठ सालानंतर सांगलीत मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आले आणि वर्षभरात फळ्यावरचं माझंच अक्षर मला पुसट दिसू लागलं. चष्मा लागला तर लग्न जमायचं नाही, ही आत्याची भीती माझ्याही मनात शिरलेली. म्हणून बाहेर बाकावर बसल्या बसल्या, आतली माणसं वाचत होती ते ऐकून, मी तक्त्यावरची अक्षरं पाठ केली आणि आत जाऊन घडाघडा म्हणून दाखवली. मामांनी तक्ता उलटा टांगला आणि परत विचारलं. मग म्हणाले, “बाई, तुमच्या शाळंत अशा पोरींला काय करता तुमी?” मी मुकाट्यानं चष्मा घेतला. लग्न पुढे जमलं, ते चष्म्यासकट.

त्यानंतर दोनेक वर्षांची गोष्ट. दवाखान्याचे मोठे डॉक्टर परदेशी, पण वीस वर्षं इथं राहून जोंधळ्याच्या भाकरीवर पोसलेले. ते त्या हिवाळ्यात रजेवर मायदेशी गेले होते. नेमकी तेव्हाच तिकडून वीसएक पाहुणे तीन आठवड्यांच्या सेवेला आले. त्यात डॉक्टर दोनच. बाकी कुणी दुकानदार, कुणी बँकेतला, कुणी कॉलेजात शिकणारा. माणसं इतकी भली की त्यांच्याविषयी वाकडं लिहायला आजही हात धजत नाही. आपल्या गावात घरोघर हिंडून त्यांनी जुने चष्मे गोळा केले होते. पेट्याच्या पेट्या भरून आणलेल्या. वापरून झालेले, मेलेल्यांचे, फॅशन गेली म्हणून टाकलेले. आणि दुभाषी म्हणून दवाखान्यानं मला बोलावलं. वाईच्या मुलीला साहेबाशी फाडफाड इंग्रजी बोलायला मिळणार! मी शाळेतून रजा काढली आणि दोन नव्या साड्या घेतल्या.

आष्ट्याला, माधवनगरला, आसपासच्या गावांत मांडव पडले. रोज जत्रा. मामांनी आपली पेटी उघडली तर पाहुण्यांच्या लक्षात आलं की ह्या गतीनं दिवसाला वीस माणसंही होणार नाहीत. तीन आठवड्यांत सगळ्यांना चष्मे द्यायचे होते. तेव्हा मामांना रांग सांभाळायला उभं केलं आणि पेटी टेबलाखाली गेली. पद्धत सोपी ठरली. पाहुणा चष्मा चढवी आणि विचारी, बरं दिसतंय का? मी ते मराठीत विचारी. माणूस म्हणे, “व्हय, लय बरं दिसतंय.” मी ते इंग्रजीत सांगे. शेवटी पाहुणा म्हणे, थोडे दिवस जड वाटेल, मग सवय होईल. तेही मी मराठीत सांगे. ‘सवय होईल’ हे वाक्य त्या तीन आठवड्यांत मी किती वेळा बोलले असेन, देव जाणे.

माझ्या टेबलावर रूथ नावाची विशीतली मुलगी होती. ती प्रत्येकाच्या कानामागे काडी स्वतःच्या हातानं बसवी, केस बाजूला करी, आणि असं हसे की समोरच्या म्हातारीला भरून यावं. दुसऱ्या दिवशी दुपारी मामा माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाले, “बाई, ही माणसं व्हय म्हनत्यात ती चष्म्याला न्हवं. त्या पोरीच्या हाताला म्हनत्यात.” मला ते झोंबलं. इतका चांगला कार्यक्रम चाललाय आणि ह्यांच्या पोटात दुखतंय, असं मी मनात म्हणाले. खोटं कशाला बोलू, पेटी टेबलाखाली गेल्याचा राग बोलतोय असंच मला वाटलं.

हौसाक्का त्याच दुपारी आली. आष्ट्याची, एकटी राहणारी, वाकळा शिवून पोट भरणारी बाई. जुन्या लुगड्यांचे थर लावून ती अशी बारीक टिपं घाले की लेकीच्या बाळंतपणाला वाकळ हवी तर हौसाक्काचीच, असं गावात होतं. ती म्हणाली, मधूनच डोळा ठणकतो, आणि संध्याकाळी दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं, जत्रेतल्या दिव्याला दिसावं तसं. मला ते वर्णन फार आवडलं. मी त्याचं अगदी नटवून इंग्रजी केलं. इंद्रधनुष्य वगैरे घातलं. डोळा ठणकतो हे सांगायचं त्या भरात राहूनच गेलं. रूथ म्हणाली, किती सुंदर! मग तिनं निळ्या काड्यांचा एक चष्मा आक्काच्या डोळ्यांवर चढवला. बरं दिसतंय का? व्हय. सवय होईल. पुढची बाई पुढे सरकली.

पाहुणे गेले. निरोपाला ताशा होता, हार होते, मीही रडले. आणि महिन्याभरात एकेक बातमी येऊ लागली. कुणाला चष्मा लावला की भोवळ येई, पण सवय व्हायची म्हणून तो नेटानं लावत होता. एक जण त्याच चष्म्यानं विहिरीच्या पायऱ्या उतरताना पडला आणि पाय मोडून घेतला. माधवनगरच्या गिरणीतल्या एकाला धागे दुप्पट दिसू लागले, मुकादमानं त्याला आठ दिवस घरी बसवलं. एका वजनदार पाटलांनी चकाकतो म्हणून बायकांचा, मांजराच्या डोळ्यांसारखा वर निमुळता चष्मा निवडला होता आणि तो लावून ते सोसायटीच्या बैठकांना बसत. कुणाची हसायची छाती नव्हती. वर आणखी एक झालं. सांगलीचा एक चष्मेवाला दर आठवड्याला आष्ट्याच्या बाजारात येऊन बसे. तो यायचा बंद झाला. फुकट मिळाल्यावर त्याच्याकडे जातो कोण?

तेव्हा मामांनी आपल्या सुट्टीच्या वारी पेटी सायकलला बांधली आणि आष्ट्याच्या बाजारात चिंचेखाली जाऊन बसले. मला निरोप पाठवला, “चिठ्ठ्या लिवायला कोन तरी पायजे.” माझं मन मला खात होतंच. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती, मी गेले. मामांचा बेत साधा होता. चष्मे चांगलेच होते, फक्त चुकीच्या नाकांवर होते. म्हणजे कुणाचा कुणाला बसतो ते बघून अदलाबदल करायची. पण माणसं चष्मा डोळ्यावरून उतरवायला तयार नाहीत. एक म्हातारे तर चिडलेच. सातासमुद्रापलीकडून येऊन माउलीनं स्वतःच्या हातानं घातलेली वस्तू परत करायची म्हणजे त्या पाहुण्यांचा अपमान, असं त्यांचं म्हणणं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, संपलं.

मामा म्हणाले, “मागारी कोन मागतंय? आजा, लग्नात टॉवेल-टोपीचा आहेर येतो, तो तुमी ट्रंकंत ठेवून पूजा करता का फुडच्या लग्नाला फिरवता?”

म्हातारे म्हणाले, “फिरवतो की.”

“मग देनाऱ्याचा अपमान हुतो?”

म्हातारे हसले, सगळा पार हसला. आमच्या भागात टॉवेल-टोपी अशा फिरतात की एखादा टॉवेल चार लग्नं खाऊन पुन्हा मूळ मालकाच्या खांद्यावर येऊन पडतो आणि कुणाला त्याचं वाईट वाटत नाही. आहेर म्हटल्यावर चष्मे मोकळे झाले. त्या उन्हाळ्यात पाटलांचा मांजराच्या डोळ्यांचा चष्मा शाळेतल्या स्वयंपाकीणबाईंना गेला, त्यांचा जाड काचांचा एका शिंप्याला, आणि शिंप्याचा गिरणीतल्या माणसाला. जे चष्मे कुणालाच बसले नाहीत ते मामांनी पाटीत वेगळे ठेवले, आणि ज्यांना एकही बसला नाही त्यांच्यासाठी सांगलीच्या त्या चष्मेवाल्याला घरी जाऊन हाताला धरून परत आणून बसवलं.

चिंचेखालचं ते दृश्य मला फार आवडे. मामांकडे तक्ता वाचता न येणाऱ्यांसाठी त्यांची स्वतःची परीक्षा होती. पुरुषाला समोरून जाणाऱ्या बैलाच्या शिंगाला कोणता रंग आहे ते विचारत. बाईच्या ओंजळीत तांदूळ ठेवत आणि खडा काढायला सांगत. ज्या घरांच्या उंबऱ्याबाहेर त्यांच्या वडिलांना उभं राहावं लागे, त्या घरांतल्या म्हाताऱ्या त्यांच्यापुढे हनुवटी वर करून बसत आणि मामा त्यांच्या कानामागे काडी बसवत. याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. मी एकदा विषय काढला तर म्हणाले, “डोळं तपासताना मान्सं लय गरीब हुत्यात, बाई. आपन बी व्हावं.”

एका बाजाराच्या दिवशी एक बाई निळ्या काड्यांचा चष्मा घेऊन आली. स्वतःचा नव्हे, शेजारणीचा. म्हणाली, हौसाक्काला ह्याची सवयच होईना, बदलून द्या. मामांनी विचारलं, तिला दिसतंय काय? बाई म्हणाली, डाव्या अंगाला तर आता काहीच दिसत नाही म्हणते, उजव्याला दिव्याभोवती कडं दिसतं, आणि कपाळ धरून बसते. मामांनी पेटी बंद केली. पुढं दहापंधरा माणसं बसलेली असताना मामांनी पेटी बंद केल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आक्काच्या घराकडे जाताना वाटेत त्यांनी मला सांगितलं की हा काचबिंदू. डोळ्यात दाब वाढतो, गेलेली नजर परत येत नाही. पण दुसऱ्या डोळ्याचं वेळेत ऑपरेशन केलं तर तो राहतो. आठ दिवसांचा भरवसा देता येत नाही. मग त्यांनी विचारलं, “मांडवात आली तवा काय बोलली व्हती?” मी सांगितलं. ठणकतो हे सुद्धा बोलली होती, आणि ते मी गाळलं, हेही सांगितलं. मामा तसेच पुढे चालत राहिले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

हौसाक्का ओट्यावर वाकळ मांडीवर घेऊन बसली होती. मामांनी तिचे डोळे एकेक झाकून बघितले, मिटल्या पापणीवर बोटांची टोकं ठेवून दाब पाहिला आणि सांगितलं, उद्या दवाखान्यात चल, मोठे डॉक्टर परत आलेत. आक्का तयार होईना. थोडे दिवस जड वाटेल, मग सवय होईल, असं तिला सांगितलं होतं. इतक्या लांबून आलेली बाई खोटं कशाला बोलेल? पाचसहा महिने झाले, आणखी थोडे दिवस बघू. डोळ्याला सुरी लावून घ्यायची नाही.

मामा ओट्याखाली उतरले आणि मला म्हणाले, “त्ये तुमच्या तोंडचं हाय. तुमीच मागारी घ्या.”

मी आक्काजवळ बसले. मी तिला सांगितलं की सवय होईल हे खरं नव्हतं. ती मुलगी डॉक्टर नव्हती. तिला काही माहीत नव्हतं, आणि मलाही.

आक्का सुईत दोरा ओवत होती. बोटांनीच चाचपून ओवत होती. म्हणाली, “ठावं नव्हतं?”

“नव्हतं.”

“मग बोलला कशाला?”

एवढी वर्षं मुलींना प्रश्न विचारले, पण इतका सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हणाले, ती बोलली म्हणून मी बोलले. आक्कानं दोऱ्याला गाठ मारली. मग म्हणाली, “आन आता? आता तरी ठावं हाय का?”

“मला नाही, आक्का. मामांना आहे.”

तिनं सुई वाकळेत खोचली आणि घडी घातली. “मग चला,” म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांनी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं. डावा गेला तो गेलाच. पट्टी सुटली तेव्हा मी तिथं होते. मामांनी तिच्या ओंजळीत तांदूळ ठेवले. तिनं खडा काढला, मग दुसरा, मग तांदळातली अळी. मला हुंदका आवरेना. आक्काच मला म्हणाली की तांदूळ नीट ठेवत चला, कीड लागली आहे. दिवाळीपर्यंत ती पुन्हा वाकळा शिवू लागली. टिपं पहिल्याइतकी बारीक नव्हती, पण गावानं तक्रार केली नाही.

पुढच्या हिवाळ्यात तिकडून पत्र आलं. पाहुणे पुन्हा यायचं म्हणत होते, ह्या खेपेला दुप्पट पेट्या घेऊन. मोठ्या डॉक्टरांनी मामांना बोलावून विचारलं, काय लिहू? मामा म्हणाले, ज्याला एका सुगीपासून दुसऱ्या सुगीपर्यंत राहता येईल त्यानं यावं. डॉक्टरांनी तसंच लिहिलं. विसांपैकी एकटी रूथ आली. मामांनी तिला पहिला महिनाभर काचेला हात लावू दिला नाही. शेजारी स्टुलावर बसवलं आणि फक्त प्रश्न विचारायला शिकवलं. तिचं मराठी ऐकून आजारी माणसंही पोट धरून हसत. मामा मात्र तिला दुरुस्त करत, आणि आपल्याच भाषेत दुरुस्त करत, त्यामुळे ती पोरगी ‘लय’ आणि ‘न्हाई’ शिकली.

हौसाक्का डोळा दाखवायला आली त्या दिवशी मी दवाखान्यात होते. रूथनं तिला ओळखलं, मिठी मारली आणि चष्मा कुठं म्हणून विचारलं. आक्का माझ्याकडे बघून घाईघाईनं म्हणाली, तिला काही सांगू नका, पाहुणी आहे. मी मामांकडे पाहिलं. मामा म्हणाले, “आक्का, तू आज बोलली न्हाईस तर ही पोर दुसऱ्या गावात जाऊन पुन्ना हेच करंल.” आक्कानं बराच वेळ पदराचं टोक पिळलं. मग डाव्या डोळ्यावर हात ठेवला आणि रूथला म्हणाली, “ह्या डोळ्यानं काय बी दिसत न्हाई, बाळ. तवाच बोलाया पायजे व्हतं. तू हसत व्हतीस, मग माझ्या तोंडातनं ‘न्हाई’ निघंना.”

रूथ माझ्याकडे वळली. मी सगळं सांगितलं, एकही शब्द न नटवता. कड्याचं सांगितलं, ठणक्याचं सांगितलं, आणि तो मी गाळला होता हेही सांगितलं. ती उठून बाहेर नळावर गेली. आक्का मला म्हणत होती, रडू नको म्हणावं, एक आहे की अजून. थोड्या वेळानं रूथ ओल्या तोंडानं परत आली, स्टुलावर बसली आणि तिनं आक्काला विचारलं, दुसऱ्या डोळ्यानं काय काय दिसतं. आक्का सांगत गेली. ती यादी दोघींनी मिळून इतकी लांबवली की मामांनाच रांगेची आठवण करून द्यावी लागली.

मामा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. शेवटपर्यंत त्यांची नजर शाबूत होती आणि त्याचा त्यांना थोडा गर्वही होता. मी वर्गात ‘समजलं का?’ असं विचारायचं त्यांच्यामुळे सोडलं. काय समजलं ते सांगा म्हणू लागले आणि मुलींच्यात अप्रिय झाले. पण मामा आठवतात ते सांगलीच्या स्टेशनवर, सुगी उलटून गेल्यावर रूथ परत निघाली त्या सकाळी. आक्कानं तिच्यासाठी वाकळ पाठवली होती, ती तिनं प्रवासाच्या गाठोड्यात न बांधता खांद्यावर घेतली होती. गाडी यायला वेळ होता. तिनं मला इंग्रजीत विचारलं, आमच्या गावात पुन्हा चष्मे गोळा करून ठेवलेत, पाठवू का, मामांना विचार.

मी विचारलं. मामांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले, मिलिटरीत बांधत तसे.

“पेट्या नगं धाडू म्हनावं. तू ये. येकटीच ये. आन आलीस की लगीच जाऊ नगंस.”

मी इंग्रजी जुळवू लागले, तेव्हा रूथनं माझा हात धरून मला थांबवलं.